शाल्मलीचा फोटो

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नात झाली! सकाळी, सुखरूप. वजन जरा कमी भरलंय, पण नर्सबाई हसून कानडीत "चिंते माडबेडी" म्हणाल्या, म्हणजे काळजीचं काही नसावं. आमची सून तेजस्वी दमली होती, पण चेहरा असा खुलला होता की माझा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला. कॅमेरा घरी होता.

तेजस्वीला आई नाही. निपाणीला वडील आणि भाऊ, दोघेच पुरुष, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही आमच्याकडे, पिरनवाडीत. माझ्या बायकोने, अंबूने, घराचा ताबा घेतलाय. मला माझ्याच खुर्चीत बसायला विचारावं लागतं.

रविराजला ई-मेलने कळवलं. आमचा मुलगा मालवाहू बोटीवर इंजिनिअर आहे. ही बोट जुनी आहे. व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल यातलं तिथं काही चालत नाही. कंपनीच्या उपग्रहावरून मेल जाते-येते आणि आठवड्यातून एखादा फोन, तोही दोन-चार मिनिटांचा. दुपारी त्याचं उत्तर आलं. "अण्णा, फोटो पाठवा. मला तिचं तोंड बघायचंय. कुणावाणी हाय?"

खासबागेत चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला मी. अर्ध्या बेळगावच्या पोरी माझ्या फोटोंवर पसंत झाल्या. आणि माझाच पोरगा मला फोटो पाठवा म्हणून आठवण करतोय!

घरी येऊन कॅमेरा काढला तर अंबू दारात आडवी.

"बारशाआदी फोटो न्हाय काढायचा. नजर लागती."

"अगं, बापाची नजर लागती व्हय?"

"कुणाचीबी लागती. ठेवा ते आत."

ठेवला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर कुठं वाद घालायचा आणि कुठं नाही, हे माणसाला कळतं.

१५ जानेवारी, बुधवार

रविराजची पुन्हा मेल. फोटो कधी? बारशाला, असं लिहिलं. लेन्स पुसून ठेवली.

पोर फार गुणाची. रडणं म्हणून नाही. पाजायला घेतली की दोन घोट पिऊन झोपी जाते. रविराज या वयात गल्ली डोक्यावर घ्यायचा.

२० जानेवारी, सोमवार

बारसं झालं. आत्याच्या जागी रविराजची चुलत बहीण अक्काताई होती, तिने कानात नाव सांगितलं. शाल्मली. नाव रविराजने बोटीवरून कळवलेलं. अंबूला ते काही जमत नाही, ती 'बाय' म्हणते.

पाहुणे जेवत होते तेवढ्यात मी काम उरकलं. बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून मऊ उजेड येतो, तिथं पाट मांडला, वर अंबूच्या आईची पैठणी. शाल्मलीला कुंची घातलेली. नुकतीच पाजून आणली होती, कपाळावर घाम डवरला होता. जानेवारीत! कुंची जाड आहे, त्यामुळे असणार. मी रुमालाने टिपला आणि फोटो घेतले. सगळ्यांत डोळे मिटलेले आहेत, पण झोपलेलं मूल म्हणजे फोटोग्राफरची चैन. हलत नाही, "अजून किती वेळ" विचारत नाही.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर बघितलं. एक फोटो असा आलाय की स्टुडिओच्या काचेत लावला असता. फक्त ओठांवर आणि नखांवर निळसर झाक आली होती. खिडकीचा उजेड थंड असतो, त्यात ती भिंत आकाशी. अंबूने हट्टाने लावलेला रंग. मी रंग दुरुस्त केले. निळा कमी केला, ओठांना हलका गुलाबी दिला, गालांना थोडी ऊब आणली. तेव्हा कुठं पोर पोरीसारखी दिसायला लागली.

मेलला जोडला आणि पाठवला. आता त्याला कळेल बापाचा हात अजून कसा चालतो.

२१ जानेवारी, मंगळवार

मेल पोचली, फोटो नाही. रविराज लिहितो की फोटोच्या जागी एक इंग्रजी ओळ आहे, जोडलेली फाइल मोठी असल्यामुळे काढून टाकली. पुन्हा पाठवला. पुन्हा तसंच.

२४ जानेवारी, शुक्रवार

मोबाईलवरून पाठवून बघितला. मोबाईलने मला न विचारता फोटोऐवजी एक लिंक पाठवली. ती उघडायला इंटरनेट लागतं आणि बोटीवर तेच नाही. मग फोटो न जोडता थेट मजकुरातच चिकटवला. "अण्णा, एक चौकोन आलाय, त्यात लाल फुली हाय," असं उत्तर. माझ्या नातीच्या तोंडावर फुली! मला मनापासून राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही.

२७ जानेवारी, सोमवार

फोटो झिप करून पाठवला. या खेपेला मेलच माझ्याकडे परत आली.

शेवटी शेजारच्या देवाप्पांच्या पारमिताला बोलावलं. ती बँकेत कॉम्प्युटरचं काम बघते. तिने परत आलेली मेल वाचली आणि लगेच सांगितलं, "काका, तुमच्याकडनं बरोबर जातंय. बोटीवरची यंत्रणा शंभर केबीच्या वरचं काही आत घेत न्हाय. तुमचा फोटो त्याच्या कितीतरी पट हाय. लहान करा, लगेच जाईल. मी करून देऊ?"

तिने करून दाखवला. पोस्टाच्या तिकिटाएवढा! पापण्या गायब, पैठणीची जर म्हणजे नुसता पिवळा चिखल.

"हे माझं काम न्हाय," मी म्हणालो. "बाप पहिल्यांदा लेकीला बघणार आणि हे असं?"

"काका, त्यांना तेवढंबी पुरंल."

मला नाही पुरणार, असं म्हणालो. तिने हात जोडले.

जाताना ती बाळंतिणीच्या खोलीत डोकावली. बाहेर आली तर चेहरा गंभीर. "बाळ नेहमीच असं भराभर श्वास घेतं काय? एकदा दाखवून आणा की." आतून अंबू म्हणाली, "बारकी पोरं तशीच घेत्यात गं. सव्वा महिना हुईस्तोवर बाहेर काढायची न्हाय." कॉम्प्युटरवाल्यांना जिथं तिथं बिघाड दिसतो, असं मी गमतीने म्हणालो. ती हसली नाही.

३० जानेवारी, गुरुवार

रविराजचा फोन. मागे इंजिनाची घरघर, निम्मं ऐकू येत नव्हतं. तेजस्वीशी बोलला, मग माझ्याशी.

"अण्णा, बारका करून पाठवा की वो. मला तोंड बघायचंय तिचं. प्रदर्शन न्हाय मांडायचं."

लागलं मला ते. त्याच्या शाळेची फी त्याच प्रदर्शनातून गेली, हे त्याला माहीत आहे.

फोन ठेवल्यावर एक युक्ती सुचली. फेब्रुवारीच्या शेवटी बोट बंदराला लागणार आहे. कंपनीच्या मुंबई ऑफिसला मेल केली, सोबत पूर्ण आकाराचा फोटो. तुमच्या तिथल्या एजंटाकडून याची मोठी प्रत छापून घ्या आणि बोटीवर पोचवा, खर्च मी देतो. ऑफिसला तो फोटो पहिल्या फटक्यात मिळाला. तिथल्या बाईंनी "किती गोड" असं लिहिलंय. म्हणजे फोटोत दोष नाही. दोष त्या बोटीत आहे.

रविराजला काही सांगितलं नाही. हातात एकदम मोठा फोटो पडू दे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तेजस्वी कधी काही मागत नाही. आज चहा देताना हळूच म्हणाली, "अण्णा, पारमिताताईंनी केलेला तो बारका फोटो हाय न्हवं? त्योच पाठवू काय? लई वाट बघाय लागल्यात."

तिला बंदराची गोष्ट सांगितली. "थोडं थांब गं. एकदाच बघू दे, पण नीट बघू दे." तिने मान हलवली.

तिला अजून काहीतरी बोलायचं होतं. पोर अंगाला लागत नाही, पिताना दमते, असं काहीसं. मी म्हणालो, ते तुम्ही बायका बघा. अंबूने सव्वा महिन्याचं पुन्हा सांगितलं. तेव्हा देवळात नेऊ, मग डॉक्टरकडे. त्याच दिवशी दुसरा फोटो काढायचा असं मीही ठरवलंय, या खेपेला डोळे उघडे असलेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

एजंटाचा होकार आला! दिवसभर गुणगुणत होतो. अंबू म्हणाली, "काय झालंय तुमास्नी?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून लिहितोय. सकाळी शाल्मली दूध घेईना. रंग काळवंडला. तेजस्वीने कुणाला विचारलं नाही. पोरीला उचललं, चप्पल न घालता रस्त्यावर गेली आणि रिक्षा थांबवली. मी आणि अंबू मागून आलो.

डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. हृदयात जन्मापासून दोष आहे, म्हणाले. मग विचारलं, "ओठ निळे कधीपासून दिसतायत?"

तेजस्वी म्हणाली, खोलीत अंधार असतो, तिला नीट दिसलं नाही. अंबू म्हणाली, आज सकाळपासनं. मी गप्प बसलो.

बारशाला निळे होते. कॅमेऱ्याने दाखवले होते. मी ते पुसून गुलाबी केले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शाल्मली काल दुपारी गेली.

लहान म्हणून पुरलं. तिचं सगळं अंग माझ्या हातावर मावलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिलं नाही तर डोकं फुटेल, म्हणून लिहितोय.

डॉक्टरांना मी विचारलं, लवकर आणली असती तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित ऑपरेशन करता आलं असतं." कदाचित. हा शब्द घेऊन मी घरी आलोय आणि कुणालाही सांगितलेला नाही.

तेजस्वी रडत नाही. अंगावरचं दूध थांबत नाही, पदर ओला होतो, ती उठून पदर बदलते. अंबू भिंतीकडे तोंड करून पडलीय. "नजर लागू ने म्हणून मी..." एवढंच म्हणते आणि थांबते. तिला सांगावंसं वाटतं की चूक तुझी एकटीची नाही. तोंडापर्यंत येतं आणि राहतं.

आयुष्यात कितीतरी घरांनी मला शेवटच्या फोटोसाठी बोलावलं होतं. गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवायचे, भोवती घरचे उभे. मी न कचरता जायचो. परवा, पुरायच्या आधी, तेजस्वीच्या भावाने विचारलं, "मामा, एक फोटो काढताय?" मला कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडता आली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रविराजला कळवायचं नाही, असं ठरवलं. मीच ठरवलं. घरापासून लांब असलेल्या माणसाला असं कळवत नाहीत आमच्याकडे. माझा बाप गेला तेव्हा मी म्हैसूरला होतो, मला "तब्येत बरी नाही, ये" एवढंच कळवलं होतं. हा तर समुद्राच्या मध्यावर आहे. ठरवलं तरी येता येणार नाही. दिवसभर यंत्रांत हात असतात, लक्ष उडालं तर? बंदराला लागल्यावर सांगू. निपाणीच्या व्याह्यांनाही पटलं.

तेजस्वीला विचारलं. ती म्हणाली, "तुमी म्हणशीला तसं." हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकलंय. आज पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

मुंबईच्या ऑफिसला कळवलं की मोठा फोटो नको. कारण दिलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रविराजची मेल. "अण्णा, तुमी रागावलाय काय? मी बोललो ते सोडून द्या. तुमी काढलेला फोटो चांगलाच असणार, मला ठाऊक हाय. पण मला आता ऱ्हावत न्हाय. कसाबी पाठवा. अंधुक असला तरी चालंल."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. आधी मूळ फोटो उघडला, रंग दुरुस्त करण्याआधीचा. ओठ निळे. नखं निळी. इतकी स्पष्ट की शेजारून जाणाऱ्यालाही दिसावीत. मी मोठ्याने रडलो. कुणी आलं नाही. ज्याचं त्याचं रडणं ज्याच्या त्याच्या खोलीत चालू आहे.

मग तो बंद केला आणि गुलाबी ओठांचा घेतला. लहान केला. पारमिताने दाखवलं होतं तसंच, दोन-तीन ठिकाणी बोट दाबायचं. चहा निवायलाही जास्त वेळ लागतो. एवढ्यासाठी मी त्याला बारशापासून थांबवलं होतं.

लहान फोटोतही ती ओळखू येत होती. नाक रविराजचं. हे मोठ्या फोटोत माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मी पैठणीची जर बघत होतो.

पाठवला. निदान एकदा त्याला आनंदाने बघू दे, एवढंच मनात होतं. हे बरोबर की चूक, मला कळत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पोचला.

त्याची मेल इथं पूर्ण उतरवत नाही, हात चालत नाही. त्याने फोटो बोटीच्या ऑफिसात छापून घेतला आणि आपल्या झोपायच्या जागेवर चिकटवला. केरळच्या आचाऱ्याने सगळ्यांना पायसम केलं. कॅप्टनसुद्धा बघून गेला. "अण्णा, नाक माझं हाय! आणि रंग तेजस्वीचा, ओठ तर बघा, कसं गुलाबी. तुमच्यावाणी फोटो कोण काढत न्हाय." आणि शेवटी, "आता एक डोळं उघडं असताना काढून पाठवा. तेवढाच पाठवा, पुन्हा मागणार न्हाय."

मी तेजस्वीला हाक मारून वाचायला दिली. का दिली? एकट्याला झेपेना म्हणून. ती उभ्यानेच वाचत होती, मग खाली बसली.

"अण्णा, म्या सांगतो त्यास्नी."

मी बंदराचं म्हणालो. यंत्रांचं म्हणालो.

"न्हाय." तिने या घरात पहिल्यांदा हा शब्द वापरला. "उद्या डोळं मागितलं, परवा आणि काय मागतील. कुटनं आणून देणार हाय तुमी? त्यांची लेक हाय ती. त्यास्नी रडू दे की."

मी खुर्ची तिला दिली. ती एका बोटाने टाइप करत होती. मधेच थांबून म्हणाली, "तारीख कुटली घालू, अण्णा?" मी सांगितली. बाकी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. चार-पाच ओळी असतील. बटण दाबलं आणि मेल गेली. परत आली नाही, अडली नाही, तिच्यातलं काही कुणी काढून टाकलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर उत्तर नव्हतं. आज जेवणं झाल्यावर फोन वाजला.

रविराज. मागे इंजिनाची घरघर. मी मनाची तयारी केली होती. तो ओरडेल, फोटो वेळेत का नाही पाठवलात म्हणेल. निळ्या ओठांचं मी आज सांगून टाकणार होतो. तो म्हणेल ते ऐकून घेणार होतो.

तो ओरडला नाही. बारीक आवाजात म्हणाला, "अण्णा, तिचं डोळं कसं हुतं?"

मला माहीत नव्हतं. पोर जागी असली की बायकांच्या मांडीवर, आणि मी जायचो ती झोपल्यावर. एकदा दोनदा तिने माझ्याकडे बघितलंही असेल. मी त्या वेळी उजेड कुठून येतो ते बघत असेन. चाळीस वर्षं मी लोकांना "डोळे इकडे" म्हणत आलो आणि माझ्या नातीचे डोळे मला सांगता येईनात.

"थांब हं," एवढंच म्हणालो आणि फोन तेजस्वीकडे दिला.

तिने फोन कानाला धरला. "मोठं हुतं. लई काळं. तुमच्यावाणी... व्हय. देवाजवळचा दिवा लावला की मान वळवून तिकडं बघायची. एकदा कावळा वराडला तर अशी दचकली, आणि मग माज्याकडं बघत ऱ्हायली. लई वेळ. पापणी न पाडता."

अंबू भिंतीकडचं तोंड वळवून उठून बसली. "उजवा डोळा जरा बारीक हुता म्हणावं," ती म्हणाली. "झोपंत आली की."

"आई म्हणत्यात, उजवा जरा बारीक हुता. व्हय, मलाबी आठवतंय. झोप आली की त्यो आदी मिटायचा."

मी दाराजवळ जमिनीवर बसलो आणि ऐकत राहिलो. तिकडे रविराज ऐकत होता, इकडे मी. ती कशी होती ते आम्हा दोघांनाही आजच कळत होतं.